सहा लाखांचं होम थिएटर आणि ४८ हजारांच्या केबल: पुण्यातल्या एका हॉलचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यात सिंहगड रस्त्यालगतचा तीन बेडरूमचा फ्लॅट. घरात निवृत्त काका-काकू, मुलगा, सून आणि शाळकरी नातू. इंटिरियरचं काम काढलंच होतं, तेव्हा हॉलमध्ये होम थिएटरही बसवून घ्यायचं ठरलं. भिंतीवर ५५ इंची टीव्ही, त्याच्यापुढे बटण दाबलं की खाली येणारा १०० इंची पडदा, समोरच्या भिंतीजवळ छताला ४के प्रोजेक्टर आणि टीव्ही युनिटच्या खालच्या खणात रिसीव्हर, म्हणजे सगळ्या उपकरणांचं चित्र-आवाज पुढे वाटणारा डबा. रिसीव्हरला तीन उपकरणं जोडायची होती: डिस्क प्लेअर, स्ट्रीमिंग बॉक्स आणि गेमिंग कन्सोल. रिसीव्हरमधून बाहेर दोन वाटा. एक दोन मीटरवरच्या टीव्हीला, दुसरी भिंतीतून वर चढून फॉल्स सीलिंगमधून प्रोजेक्टरला.

खर्च सहा लाखांच्या घरात गेला. दुकानदाराच्या कोटेशनमध्ये सगळ्यात खाली एचडीएमआय केबलचा, म्हणजे चित्र आणि आवाज एकत्र नेणाऱ्या केबलचा, हिशेब होता. प्रोजेक्टरसाठी १२ मीटरची तांब्याची केबल २४,००० रुपये, टीव्हीसाठी २ मीटरची ७,५०० रुपये आणि उपकरणांच्या दीड-दीड मीटरच्या तीन केबल प्रत्येकी ५,५०० रुपये. एकूण ४८,०००.

काकांनी विचारलं, एवढ्या महाग कशाला? दुकानातल्या मुलाचं उत्तर ठरलेलं होतं: "काका, सहा लाखांची सिस्टीम घेताय आणि केबलला हात आखडता घेताय? पिक्चर केबलमधूनच येतं ना!"

हे वाक्य अनेक घरांनी ऐकलेलं आहे, आणि त्यातला अर्धा भाग खरा असल्यामुळेच ते फसवतं. पिक्चर केबलमधूनच येतं. पण महाग केबलमधून ते अधिक चांगलं येतं, हा त्यातला न बोललेला भाग चुकीचा आहे.

पहिला निर्णय

घरात दोन तट पडले. मुलाला वाटत होतं, आठ टक्के खर्चासाठी जोखीम कशाला घ्यायची? काकांना ती उघड लूट वाटत होती. शेवटी काकांचं चाललं आणि ऑनलाइन मागवलं गेलं: दीड-दोन मीटरच्या चार केबल प्रत्येकी ३५० रुपयांना, आणि प्रोजेक्टरसाठी १५ मीटरची एक केबल १,८०० रुपयांना. खोक्यावर ठळक अक्षरांत '८के, ४८ गिगाबिट' छापलेलं, म्हणजे सेकंदाला एवढी माहिती नेण्याचा दावा. मोजणीत वाट सुमारे ११ मीटरची भरली होती, पण 'थोडी जास्तच असू दे' म्हणून १५ मीटर घेतली.

इथे तीन गोष्टी एकत्र आल्या. लांब केबल आणि आखूड केबल यांना एकाच तराजूत तोललं गेलं. छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवला, प्रमाणपत्राचं लेबल पाहिलं नाही. आणि गरजेपेक्षा चार मीटर तांबं जास्त घेतलं. विजेच्या वायरला चार मीटर म्हणजे काहीच नाही, पण एवढ्या वेगाच्या सिग्नलला तेच चार मीटर जड जातात.

चौथी चूक भिंतीत झाली, आणि पुढे तीच सगळ्यांत महाग पडली. वायरमनने नेहमीचा २५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप आणला. त्याचा आतला व्यास साधारण २१-२२ मिलिमीटर. एचडीएमआयच्या प्लगचं प्लास्टिकचं डोकं रुंदीला जवळपास २० मिलिमीटर असतं. सरळ पाइपातून ते कसंबसं जातं, काटकोनी एल्बोतून जात नाही. हे लक्षात आल्यावर वायरमनने आपल्या परीने वाट काढली: पाइपाचे तुकडे आणि एल्बो केबलवर ओवले, मग सगळं झिरीत बसवून सिमेंट मारलं. दोन एल्बो, एक भिंत आणि छत जिथे मिळतात तिथे, दुसरा छताच्या कोपऱ्यात. वर पीओपी झालं, रंग झाला. केबल पाइपात होती खरी, पण ओढून बाहेर काढता येण्यासारखी राहिली नव्हती.

अडचण कशी दिसली

प्रोजेक्टर तीन आठवड्यांनी आला. पहिल्या संध्याकाळी ४के डिस्कवरचा चित्रपट लावला आणि सगळं उत्तम चाललं. दुसऱ्या दिवशी स्ट्रीमिंग बॉक्सवर मेन्यू उघडताच काळ्या भागात पांढरे-हिरवे ठिपके चमचमू लागले. एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराची जास्त बारकाई दाखवणारा, कार्यक्रम सुरू झाला की दर थोड्या मिनिटांनी पडदा दोन-तीन सेकंद काळा व्हायचा आणि परत यायचा. कन्सोल तर ४के, सेकंदाला ६० फ्रेम, एचडीआरला पडद्यावर काहीच दाखवेना. १०८०पीवर आणला की व्यवस्थित. हीच तिन्ही उपकरणं टीव्हीवर मात्र बिनतक्रार चालत होती.

दुकानातून बसवायला आलेल्या माणसाने दोन मिनिटांत निकाल दिला: "केबल हलकी आहे. आमची टाका." मुलगा तिथेच २४,००० द्यायला तयार झाला होता.

निदान

सून सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काम करते. तिचा आग्रह एकच होता: "बाबा, एका वेळी एकच गोष्ट बदलून बघू." शनिवारी दुपारी झालेल्या चाचण्यांचा क्रम मुद्दाम इथे देतो, कारण प्रोजेक्टर असलेल्या कोणत्याही घरात तो असाच वापरता येतो.

आधी सेटिंग. अनेक टीव्ही आणि प्रोजेक्टर पूर्ण वेगाचा सिग्नल घ्यायला आपणहून तयार नसतात, पोर्टचं सेटिंग बदलावं लागतं. सॅमसंगच्या टीव्हीत त्याला 'इनपुट सिग्नल प्लस' म्हणतात, सोनीत 'एनहान्स्ड फॉरमॅट', एलजीत 'डीप कलर'. रिसीव्हरमध्येही असंच सेटिंग असतं. इथे तिन्ही ठिकाणी ते चालू होतं.

मग रिसीव्हर वगळला. स्ट्रीमिंग बॉक्स थेट १५ मीटरच्या केबलला लावला. ठिपके तसेच, काळं होणंही तसंच. म्हणजे रिसीव्हर निर्दोष.

मग लांब केबल वगळली. प्रोजेक्टरखाली स्टूल ठेवलं, त्यावर स्ट्रीमिंग बॉक्स, मधे ३५० रुपयांची दोन मीटरची केबल. पाऊण तास एचडीआर चाललं, एक ठिपका नाही. म्हणजे बॉक्स आणि प्रोजेक्टर दोघंही निर्दोष, आणि स्वस्त आखूड केबलही.

शेवटी लांब केबल परत लावून सिग्नल हलका केला. यात बिट म्हणजे रंगछटांची बारकाई, आणि ४:२:०, ४:२:२ म्हणजे रंगाची माहिती कमी करून पाठवायच्या पद्धती; ४:२:० त्यातली हलकी. ४के ६० फ्रेम, ८ बिट, ४:२:० वर ठेवलं की दोष गायब. ४:२:० ठेवून एचडीआर चालू केलं की अधूनमधून ठिपके. ४:२:२ केलं की पडदा काळा.

या शेवटच्या पायरीने दोष नेमका दाखवला. केबल तुटलेली नव्हती, सैल नव्हती. तिला वेग झेपत नव्हता.

केबलमधून काय जातं

चाचण्यांचे निकाल असे का आले, ते आकड्यांतून उलगडतं. एचडीएमआयमधून जाणारा एकूण वेग, सेकंदाला गिगाबिटमध्ये, साधारण असा असतो:

१०८०पी, ६० फ्रेम: ४.४६
४के, २४ फ्रेम, एचडीआर ४:२:२: ८.९१
४के, ६० फ्रेम, ८ बिट ४:२:०: ८.९१
४के, ६० फ्रेम, १० बिट एचडीआर ४:२:०: ११.१४
४के, ५० किंवा ६० फ्रेम, एचडीआर ४:२:२: १७.८२
४के, १२० फ्रेम, १० बिट, पूर्ण रंग: ४० च्या आसपास

डिस्कवरचा चित्रपट २४ फ्रेमचा, म्हणून ८.९१ वर निभावून गेला. स्ट्रीमिंग बॉक्सचा मेन्यू ६० फ्रेमचा एचडीआर, त्याला ४:२:० मध्येही ११.१४ हवे, आणि कन्सोलला १७.८२. काकांच्या १५ मीटर केबलची ताकद ९ आणि ११ च्या मधे कुठेतरी संपत होती. खोक्यावर छापलेल्या ४८ या आकड्याला काही आधार नव्हता. साध्या तांब्याच्या केबलने ४८ गिगाबिट साधारण ३ ते ५ मीटरपर्यंतच नेता येतात. १५ मीटरचा तो दावा वाचतानाच खटकायला हवा होता.

याचं कारण तांब्याच्या स्वभावात आहे. सिग्नलचा वेग वाढतो तसा प्रवाह तारेच्या पृष्ठभागाजवळूनच वाहू लागतो, आणि प्रत्येक मीटरला होणारी घट वाढत जाते. १५ मीटरनंतर शून्य आणि एक यांच्यातला फरक इतका पुसट होतो की प्रोजेक्टरची चिप चुकायला लागते. तार जाड केली तर काही मीटर वाढवून मिळतात, म्हणूनच लांबीच्या चांगल्या केबल जाड आणि ताठ असतात.

आता मुख्य मुद्दा. चिप चुकली की काय होतं? १८ गिगाबिटपर्यंतच्या एचडीएमआयमध्ये चित्राच्या भागाला चूक-दुरुस्तीची सोय नाही. एक बिट चुकला की एका ठिपक्याचा रंग भलताच होतो, तोच तो चमचमणारा कण. चुका वाढल्या की दोन्ही टोकांचा मेळ तुटतो आणि पडदा काळा होतो. आवाजाच्या पाकिटांना दुरुस्तीचे बिट जोडलेले असतात. ४८ गिगाबिटच्या पद्धतीत चित्रालाही दुरुस्ती आहे, त्यामुळे तिथे कण कमी दिसतात आणि बिघडलं की एकदम काळंच होतं.

केबल कमी पडली की जे काही घडतं ते एवढंच. 'रंग थोडे फिके', 'काळा रंग कमी गडद', 'चेहरे जरा मऊ' असं काहीही केबलमुळे घडायला वाटच नाही. रंग फिका व्हायचा असेल तर लाखो ठिपक्यांचे आकडे एकाच दिशेने, एकाच प्रमाणात बदलावे लागतील. तारेत होणारी चूक असा विचार करून होत नाही, ती कुठेही आणि कशीही पडते. म्हणून सिग्नल न चुकता पोहोचत असेल, तर ३५० च्या आणि ५,५०० च्या केबलमधून पडद्यावर येणारा प्रत्येक आकडा तोच असतो.

हा समज आला कुठून, हेही समजून घेण्यासारखं आहे. लाल-हिरव्या-निळ्या पिनांच्या कंपोनंट केबलच्या किंवा व्हीजीएच्या काळात सिग्नल अ‍ॅनालॉग होता. तिथे हलक्या केबलने चित्र खरोखरच मऊ व्हायचं, अक्षरांना सावली पडायची. एचडीएमआय २००२ मध्ये आलं तेव्हा ते शास्त्र बदललं, दुकानातलं बोलणं मात्र तेच राहिलं.

पर्याय

आता प्रश्न स्वच्छ होता: रिसीव्हरपासून प्रोजेक्टरपर्यंत, ११ मीटरच्या वाटेने, १८ गिगाबिट न चुकता न्यायचे. प्रोजेक्टरचा पोर्टच १८ चा होता, त्यामुळे आज त्याहून जास्तीची गरज नव्हती.

पहिला पर्याय, काहीच न बदलणं. याला आम्ही कमी लेखत नाही. स्ट्रीमिंगचे कार्यक्रम मुळातच ४:२:० मध्ये साठवलेले असतात. बॉक्समध्ये 'मूळ फ्रेमरेट जुळवा' हे सेटिंग चालू केलं तर २४ फ्रेमचे चित्रपट या केबलमधूनही पूर्ण दर्जाने येतात. घरात फक्त चित्रपट बघायचे असते तर शून्य रुपयांत विषय संपला असता. पण ४के क्रिकेट ५० फ्रेमला येतं, आणि नातवाला कन्सोल मोठ्या पडद्यावर हवा होता.

दुसरा, मधे सिग्नल वाढवणारा डबा बसवणं. त्याला वीज लागते, म्हणजे फॉल्स सीलिंगच्या आत अडॅप्टर. उन्हाळ्यात तापणाऱ्या बंद पोकळीत एक जास्तीचा डबा ठेवणं बरोबर नाही. हा पर्याय लगेच बाद झाला.

तिसरा, कॅट-६ वरून, म्हणजे कॉम्प्युटर नेटवर्कच्या वायरवरून, जाणारा एक्स्टेंडर. ऑफिसात, शाळांत हे चांगलं चालतं. पण स्वस्त जोड्या १८ गिगाबिट पूर्ण नेत नाहीत, सिग्नल दाबून पाठवतात, आणि दोन्ही टोकांना डबे येतात. वायरलेसमध्ये दाबणं तर असतंच, शिवाय गेम खेळताना उशीर जाणवतो.

चौथा, दुकानदाराची २४,००० ची तांब्याची केबल. सुनेने ती चाचणीसाठी मागितली आणि दुकानदाराने दिली, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं. जमिनीवरून अंथरून लावली. संध्याकाळभर ४के ६० एचडीआर चाललं, एकही कण नाही. म्हणजे महाग केबल काम करत होती. जाड तारेची, नीट बांधलेली, १२ मीटरला १८ गिगाबिट ओढणारी चीज होती ती. पण तिची जाडी बोटाएवढी, वळवायला ताठ, आणि पुढे कधी ४८ गिगाबिटचा प्रोजेक्टर आला तर ती तिथे पुरणार नाही.

पाचवा, फायबरची एचडीएमआय केबल. हिच्या दोन्ही डोक्यांत छोट्या चिप असतात. एका टोकाला सिग्नलचा प्रकाश होतो, काचेच्या धाग्यांतून जातो, दुसऱ्या टोकाला परत वीज होतो. रिमोटचे संदेश आणि जोडणीची बोलणी बारीक तांब्याच्या तारांवरून चालतात. डोक्यांतल्या चिपना वीज एचडीएमआयच्या ५ व्होल्टच्या पिनेतूनच मिळते, वेगळा अडॅप्टर लागत नाही. प्रकाशाला १०, १५ किंवा ३० मीटरने फरक पडत नाही. ४८ गिगाबिटची १५ मीटर केबल ६,८०० रुपयांना मिळत होती.

फायबरचे तोटेही लिहून काढले गेले. केबल एकाच दिशेने चालते. एका डोक्यावर 'सोर्स' आणि दुसऱ्यावर 'डिस्प्ले' लिहिलेलं असतं. उलटी लावली की चित्र येत नाही. काचेचा धागा मोडू शकतो, म्हणून काटकोनात दुमडायची नाही आणि डोकं धरून ओढायची नाही. डोक्यातली चिप कधीतरी जाऊ शकते. तांब्याची केबल भिंतीत वीस वर्षं पडून राहील, फायबरबद्दल तसं धरून चालू नये. आणि टीव्हीकडून रिसीव्हरकडे आवाज परत आणणारं ईआर्क सगळ्याच फायबर केबलवर नीट चालत नाही. या घरात ईआर्क टीव्हीच्या दोन मीटरच्या तांब्याच्या केबलवर होतं, त्यामुळे ती अडचण उरली नाही.

निर्णय फायबरचा झाला. पण त्याला एक अट जोडली गेली: केबल कधीतरी बदलावी लागणार असं धरूनच पाइप दुरुस्त करायचा. मुलाचा कल इथेही 'आता पीओपी फोडायला नको' असाच होता. डोकं सुटं होणारी, बारीक टोकाची फायबर केबल घ्यावी आणि जुन्याच पाइपातून ओढावी, असं त्याचं म्हणणं. तशा केबल मिळतात आणि तो मार्ग चुकीचा नव्हता. पण पुढची प्रत्येक केबल त्याच प्रकारची शोधावी लागली असती, शिवाय दोन काटकोनी एल्बोंतून काच ओढण्याचा धोका होताच.

काम

जुनी केबल एल्बोत अडकलेली, म्हणून तिची दोन्ही डोकी कापली. पीओपी दोन ठिकाणी, साधारण दीड बाय दीड फूट उघडलं. दोन्ही एल्बो काढले. भिंत-छताच्या जोडावर ६ बाय ४ इंचाचा जंक्शन बॉक्स बसवला, त्याला रंगात मिसळणारं झाकण. छतातल्या भागात ४० मिलिमीटरचा पाइप टाकला आणि कोपऱ्यावर एल्बोऐवजी लाँग बेंड. भिंतीतला उभा २५ मिलिमीटरचा तुकडा सरळ होता, त्यातून डोकं जात होतं, म्हणून तो तसाच ठेवला. जुन्या केबलचा शेवटचा उपयोग असा झाला की तिच्या टोकाला नायलॉनची दोरी बांधून ती पाइपातून आणली.

आता फायबर ओढायची. डोक्यावर प्लास्टिकची टोपी ठेवली, वरून इन्सुलेशन टेप निमुळती गुंडाळली. दोरी डोक्याला बांधली नाही. केबलच्या अंगावर हातभर मागून टेपने चढवली, म्हणजे ताण अंगावर येतो, डोक्यावर येत नाही. एकजण टीव्हीकडून केबल सोडतोय, एकजण जंक्शन बॉक्सपाशी सरकवतोय, वायरमन प्रोजेक्टरकडून ओढतोय. पंधरा मिनिटांत केबल पलीकडे गेली.

आणि चित्र आलं नाही. 'सोर्स' लिहिलेलं डोकं प्रोजेक्टरपाशी गेलं होतं. टोपी आणि टेपखाली अक्षरं झाकली गेली होती, आणि वायरमनला केबलला दिशा असते हे कुणी सांगितलंच नव्हतं. तांब्याच्या साध्या केबलला ती नसते, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही. केबल परत ओढली, फिरवली, पुन्हा घातली. पाऊण तास गेला. केबलबरोबर दुसरी दोरी आधीच ओढून ठेवली होती म्हणून एवढ्यावर भागलं. नाहीतर पुन्हा वायर ओढायची स्प्रिंग घालून सुरुवात करावी लागली असती.

ओढण्याआधी केबल जमिनीवर पसरून, दोन्ही टोकं लावून, तासभर चालवून बघायला हवी होती. दिशेची खात्री तिथेच झाली असती, आणि माल सदोष निघाला असता तर तेही कळलं असतं.

जास्तीची चार मीटर केबल रिसीव्हरमागे वीतभर व्यासाची सैल वेटोळी करून ठेवली. फायबरला जास्तीची लांबी त्रास देत नाही, घट्ट बांधलेली गुंडाळी देते. प्रोजेक्टरच्या बाजूला डोकं गरम हवेच्या झोतात येत होतं, तिथे ते थोडं वळवून बाजूला घेतलं.

आखूड केबलचं काय

इथे ३५० च्या चार केबलची वेगळी परीक्षा झाली. दुकानदाराकडून चाचणीसाठी आलेली ५,५०० ची दीड मीटर केबल आणि ३५० ची केबल डिस्क प्लेअरला आळीपाळीने लावली. कोणती लावली हे फक्त सुनेला माहीत, आणि बघणारे काका, मुलगा, नातू. कुणालाही खात्रीने ओळखता आलं नाही. घरातल्या एका दुपारच्या खेळाला आम्ही पुरावा म्हणत नाही. पुरावा वर सांगितलेल्या यंत्रणेत आहे. पण मुलाचं मन वळलं ते या खेळाने.

तरीही एका ठिकाणी ३५० ची केबल खरोखरच पडली. कन्सोल टीव्हीवर १२० फ्रेमला टाकला की पडदा काळा व्हायचा. दीड मीटर असली तरी ४० गिगाबिटच्या आसपासचा वेग तिला झेपत नव्हता. यावरचा उपाय माळ्यावर होता. कन्सोलच्या खोक्यात त्याची स्वतःची अल्ट्रा हाय स्पीड केबल प्लास्टिकही न काढता पडलेली होती. ती लावली. रिसीव्हर ते टीव्हीची दोन मीटर केबल मात्र विकत घेतली, लेबलवाली, १,४०० रुपयांना. डिस्क प्लेअर आणि स्ट्रीमिंग बॉक्सला ३५० च्याच राहिल्या आणि आजही आहेत.

लेबलबद्दल थोडं सविस्तर, कारण शब्दांचा घोटाळा इथेच होतो. केबलच्या अधिकृत जाती वेगावरून ठरतात: हाय स्पीड म्हणजे १० गिगाबिटच्या आसपास, प्रीमियम हाय स्पीड म्हणजे १८, अल्ट्रा हाय स्पीड म्हणजे ४८. यातलं 'प्रीमियम' हे प्रमाणपत्राचं नाव आहे, किमतीशी त्याचा संबंध नाही. पाचशे-सातशेतही प्रीमियम हाय स्पीड मिळते आणि दहा हजारांची केबल त्या लेबलाविनाही असू शकते. '२.१ केबल' अशी अधिकृत जात नाही; आवृत्तीचे आकडे उपकरणांना असतात. खोक्यावरचं स्कॅन करता येणारं लेबल एचडीएमआयच्या अधिकृत अ‍ॅपने तपासायचं. तपासणीत ब्रँड आणि लांबी खोक्याशी जुळली पाहिजे. एका लांबीचं प्रमाणपत्र दुसऱ्या लांबीला लागू होत नाही.

सोन्याचा मुलामा गंज रोखतो. अलिबाग-रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत त्याचा उपयोग आहे, पण तो ३५० च्या केबललाही असतो, आणि चित्राशी त्याचा संबंध नाही. चांदीचं पाणी दिलेल्या तारेबद्दल दीड मीटरला बोलण्यासारखं काही नाही. आणि वजनदार, जाड वेणीच्या केबलचा एक तोटा दुकानात कुणी सांगत नाही: एचडीएमआयच्या प्लगला खटका नसतो, तो नुसत्या घट्टपणावर टिकतो. भिंतीवरच्या टीव्हीला मागून लोंबणारी जड केबल पोर्टवर सतत ताण देते, आणि पोर्ट सैल झाला की दुरुस्ती बोर्डापर्यंत जाते.

हिशेब

पहिल्या फेरीत केबलवर ३,२०० रुपये गेले. दुसऱ्या फेरीत फायबर ६,८००, टीव्हीची केबल १,४००, पीओपी आणि रंग ९,५००, वायरमनचे दोन दिवस ३,०००, म्हणजे २०,७००. एकूण २३,९००. कोटेशनच्या निम्मे. काका यावर समाधानी आहेत.

आम्ही तुलना वेगळ्या आकड्याशी करतो. पहिल्याच दिवशी ४० मिलिमीटरचा पाइप आणि लाँग बेंड (सुमारे १,५००), फायबर, टीव्हीची लेबलवाली केबल, दोन स्वस्त केबल आणि कन्सोलची खोक्यातली केबल, असं केलं असतं तर १०,४०० रुपयांत काम झालं असतं. १३,५०० रुपये जास्तीचे गेले, आणि त्यातला मोठा वाटा फोडलेल्या पीओपीचा आहे.

आठ महिन्यांनंतर प्रोजेक्टरवर एकदाही पडदा काळा झालेला नाही. एकदा चित्र येईना, तेव्हा रिसीव्हरच्या बाजूचं डोकं सफाईत सैल झालेलं निघालं.

वेगळं काय करता आलं असतं

घरमालकाच्या बाजूने: कोटेशन हातात आल्यावर 'महाग की स्वस्त' यावर भांडण्याआधी प्रत्येक केबलपुढे दोन आकडे लिहायला हवे होते, लांबी आणि लागणारा वेग. तसं केलं असतं तर पाचपैकी दोन केबलना काहीही चाललं असतं, दोन लेबलवाल्या हव्या होत्या, आणि फक्त एकीचा खरा प्रश्न होता, हे कागदावरच दिसलं असतं. दुकानदाराने पाचही महाग सुचवल्या, घराने पाचही स्वस्त घेतल्या.

दुकानदाराच्या बाजूने: त्याच्याकडे फायबर होती, पण कोटेशनमध्ये नव्हती. ११ मीटरच्या वाटेला ती पहिली सुचवायला हवी. आणि प्रोजेक्टर विकणाऱ्याने पाइपाचा आकार वायरमनला लिहून द्यायला हवा. इथे प्रोजेक्टर, केबल आणि पाइप ही तीन कामं तीन माणसांची होती, आणि डोकं पाइपातून जाईल का हा प्रश्न तिघांपैकी कुणाचाच नव्हता.

वायरमनच्या बाजूने: केबलवर पाइप ओवायचा नाही. रिकामा पाइप बसवायचा, दोरी आरपार नेऊन ठेवायची, आणि पीओपी बंद होण्याआधी घरमालकासमोर एक एचडीएमआय डोकं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला ओढून दाखवायचं. डोकं अडलं तर पीओपी थांबवायचं.

२०२५ मध्ये एचडीएमआयची ९६ गिगाबिटची पुढची पायरी जाहीर झाली आहे. या घराला तिची आज गरज नाही आणि काकांनी केबल बदलण्याचा विचारही केलेला नाही. छतातल्या पाइपात दुसरी नायलॉनची दोरी तशीच आहे, दोन्ही टोकांना गाठ मारून, आणि जंक्शन बॉक्सच्या झाकणाच्या आत सुनेने मार्करने लिहून ठेवलंय: 'सोर्स टीव्हीकडे, डिस्प्ले प्रोजेक्टरकडे.'